नाव तुमचं, नोंद कुणाची?

दुकानाच्या पाटीवरचं एक अक्षर वाकडं लागलं तर आपण रंगाऱ्याला पुन्हा शिडीवर चढवतो. पण ज्या पत्त्यावर गिऱ्हाईक आपल्याला शोधतं, ते इंटरनेटवरचं डोमेन कुणाच्या नावावर आहे असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: 'ते आमचा वेबसाइटवाला बघतो.'

बघणारच. ते त्याच्याच नावावर असतं.

पहिली गोष्ट पक्की करू. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. 'डॉट कॉम' एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतं, मुदत संपण्याआधी पैसे भरून पुढे चालू ठेवता येतं. पैसे थांबले की हक्क संपला. पंचवीस वर्षं वापरलं, छापील पिशव्यांवर टाकलं, याचं नोंदणीच्या यंत्राला सोयरसुतक नाही.

दुसरी गोष्ट. पैसे कुणी दिले याने ताबा ठरत नाही. डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडच्या, म्हणजे रजिस्ट्रारकडच्या खात्यात नोंदणीधारकाचं नाव असतं, खाली ईमेल, मोबाइल आणि मुदतीची तारीख. पासवर्ड बदलायचा तर दुवा त्याच ईमेलवर जातो. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायचं तर लागणारा कोड त्याच खात्यातून निघतो. शेत कसतो आपण आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, याचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला हवा?

वेबसाइटवाला चोर असतो असं नाही. सोय म्हणून तो सगळ्या गिऱ्हाइकांची डोमेनं एकाच खात्यात ठेवतो. पण उद्या त्याने धंदा बंद केला तर? पैशावरून वाजलं तर? पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला तर?

आणि ईमेल कोणता दिलाय? त्याच डोमेनवरचा? मग डोमेन बंद पडलं की ईमेलही बंद. कुलूप लावलं आणि किल्ली आतच राहिली.

'डॉट कॉम'ची मुदत संपण्याआधी रजिस्ट्रारने दोनदा कळवायचं असतं, साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी. तो कळवतोही, पण नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाच्या ईमेलवर. नंतरही काही दिवसांची सवलत मिळते. मग ३० दिवस असे येतात की नाव परत मिळतं, पण जबर दंड मोजून. तेही हुकले की ५ दिवसांत नाव सगळ्या जगाला मोकळं.

हे फक्त छोट्यांचं होतं? डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आपल्या लॉगिनच्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या डोमेनचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि ऐन नाताळात तिच्या हॉटमेल या ईमेल सेवेच्या अनेक ग्राहकांना आत शिरता येईना. शेवटी एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ते पैसे भरले.

त्याच्या जागी लुच्चा असता तर?

लुच्च्यांसाठी कायदा आहे ना, असं तुम्ही म्हणाल. अमेरिकेत १९९९ पासून डोमेन बळकावणाऱ्यांविरुद्ध खास कायदा आहे. भारतात तसा वेगळा कायदा आजही नाही. आपलं भागतं ते ट्रेडमार्क कायद्यावर आणि कोर्टांच्या निकालांवर.

कोर्टांनी मात्र कुचराई केलेली नाही. १९९९ मध्येच दिल्ली हायकोर्टाने 'याहूइंडिया डॉट कॉम' वापरणाऱ्याला रोखलं. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने 'रेडिफ'च्या बाजूने आदेश दिला. समोरच्याने स्पेलिंगमधलं एकच अक्षर बदललं होतं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या 'सिफी' खटल्यात सुप्रीम कोर्टाने कायमचं सांगून टाकलं, की डोमेन हा नुसता पत्ता नाही, ती धंद्याची ओळख आहे आणि दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवणाऱ्याला कायदा इथेही रोखेल.

फक्त तो नावलौकिक तुम्ही सिद्ध करायचा. जुनी बिलं, जाहिराती, उलाढालीचे आकडे काढा बाहेर!

ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर हे ओझं बरंच हलकं होतं. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे वाढवता येते. ट्रेडमार्क नोंदणीचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. तरी आपला व्यापारी शॉप अ‍ॅक्टचा दाखला आणि जीएसटीचा नंबर फ्रेम करून लावतो आणि नाव सुरक्षित झालं असं समजतो. त्यातला एकही कागद ट्रेडमार्क नव्हे.

कोर्टाची पायरी न चढताही दाद मागता येते. 'डॉट कॉम'साठी तंटे सोडवण्याचं जागतिक धोरण आहे, 'डॉट इन'साठी ते सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेचं. दोन्हीकडे तीन गोष्टी दाखवायच्या: नाव आपल्या नाममुद्रेशी फसवं साम्य राखतं, समोरच्याला त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याचा हेतू वाईट आहे. जिंकलात तर नाव मिळेल किंवा रद्द होईल. भरपाई मिळणार नाही. जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, एकट्या पंचासमोर जायची फी १,५०० डॉलर.

वर्षाच्या हजार-दीड हजार रुपयांत राखता येणारं नाव सोडवायला १,५०० डॉलर!

आता दुसरी बाजू. आपल्याला हवं ते नाव दुसऱ्याकडे आहे म्हणून तो चोर ठरत नाही. दोन जोशी प्रामाणिकपणे धंदा करत असतील तर ज्याने आधी नोंदवलं त्याचं. कायदा लबाडाला रोखतो, उशिरा उठणाऱ्याला पुढचा नंबर देत नाही.

लबाडी फक्त मालकालाच छळते असंही नाही. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या नावाने बनावट वेबसाइट काढून डिस्ट्रिब्युटरशिपच्या आमिषाने लोकांना गंडवण्याचं प्रकरण २०२० मध्ये मुंबई हायकोर्टात आलं. कोर्टाने स्पष्ट केलं, की रजिस्ट्रार नोंदणी निलंबित करू शकतो, पण लोकांची त्या डोमेनपर्यंतची वाट अडवणं त्याच्या हातात नाही. नाव नोंदवताना तर सगळं आपोआप चालतं, हेतू कुणी विचारत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत फक्त बँकांसाठीच्या 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं. पासवर्ड टाकण्याआधी पत्त्याचं हे शेपूट तपासायला किती वेळ लागतो?

तेव्हा आजच रजिस्ट्रारच्या खात्यात शिरा. बाहेरून शोधलंत तर नाव बहुधा झाकलेलं दिसेल, म्हणून आतच शिरा. नाव, ईमेल, तारीख पाहा. दुहेरी पडताळणी आणि आपोआप नूतनीकरण चालू करा. खात्यात शिरताच येत नसेल तर संबंध गोड आहेत तोवर नोंद आपल्या नावावर करून मागा.

आणि यापुढे वेबसाइटचं काम देताना करारात एक ओळ लिहून घ्या: डोमेनची नोंद आमच्या नावाने, आमच्या ईमेलवर, पासवर्ड आमच्याकडे. ही ओळ फुकट लिहिता येते. ती राहिली, तर पुढच्या सगळ्या ओळी वकील लिहितो.