पहारेकऱ्याची रोजनिशी

सर्व्हरच्या कामगिरीवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर स्वतःही एका सर्व्हरवरच चालते. पुढचा सगळा घोटाळा या एका गोष्टीतून उद्भवतो. मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, प्रोसेसरवर किती भार आहे, अशा चौकश्या ते शेकडो मशीनांकडे दर मिनिटाला करते आणि उत्तरांचे सुबक आलेख काढते. पण त्यालाच धाप लागली, तर आलेखात फक्त मोकळी जागा उमटते. या मोकळ्या जागेचे दोन अर्थ निघतात. एक, सगळे सर्व्हर एका क्षणी बंद पडले. दोन, पाहणाऱ्याचाच डोळा लागला. वरिष्ठ मंडळी पहिला अर्थ धरून फोन फिरवू लागतात आणि बहुतेक वेळा दुसरा खरा निघतो. तो खरा आहे हे सिद्ध करायला मात्र एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे लॉगफाइल.

लॉगफाइल म्हणजे प्रोग्रॅमने चालता चालता लिहिलेली साध्या मजकुराची फाइल. सहसा एका ओळीत एक घटना असते आणि नवी ओळ नेहमी शेवटी जोडली जाते. लिहिणारा दिवसरात्र लिहितो. वाचणारा क्वचितच येतो, आणि येतो तो अपरात्री, घाबरलेल्या अवस्थेत, एका हाताने फोन कानाला लावून. लॉगच्या व्यवस्थापनाचे जेवढे म्हणून नियम आहेत, ते या घाबरलेल्या वाचकाच्या सोयीसाठी आहेत. अडचण एवढीच की ते नियम त्याने घाबरण्याआधी, म्हणजे सगळे सुरळीत असताना लावायचे असतात. आणि सगळे सुरळीत असताना लॉगची आठवण कोणालाही होत नाही.

पहिला नियम काय लिहावे आणि काय लिहू नये याचा. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल हाताळणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोडीने सिसलॉग तयार केला. त्यातून नोंदींना गांभीर्याच्या आठ पायऱ्या मिळाल्या: शून्य म्हणजे आणीबाणी, मग तातडी, गंभीर, चूक, इशारा, दखल, माहिती आणि सात म्हणजे डीबग, अर्थात दोष शोधण्यासाठीचा बारीक तपशील. इथे शून्य गुण मिळवणाऱ्याकडे सर्वांनी धाव घ्यायची असते. दखल आणि माहिती यांत नेमका फरक काय, हे ठरवणे कठीण आहे. घ्यावी लागते ती दखल आणि घेतली नाही तरी चालते ती माहिती, असे ढोबळमानाने म्हणता येईल. प्रत्यक्षात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्या दुपारी जी पायरी सुचली ती पडते. त्यामुळे ‘चूक’ या मथळ्याखाली निरुपद्रवी कुरकुर वर्षानुवर्षे चालू राहते आणि सर्व्हर अखेरचे आचके देत असल्याची बातमी ‘माहिती’ म्हणून खाली कुठेतरी सापडते.

नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी झॅबिक्सचे उदाहरण घेता येईल. लॅटव्हियाच्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी सुरू केलेले आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे सॉफ्टवेअर सर्वांना मोफत मिळते, त्यामुळे त्याच्या लॉगमुळे जागलेल्यांची संख्याही मोठी आहे. झॅबिक्सने आठ पायऱ्यांऐवजी आपल्या सहा ठेवल्या, शून्य ते पाच. मुळात पातळी तीनवर लावलेली असते. या पातळीवर प्रकृती ठीक असलेला सर्व्हर फारसे बोलत नाही. चारवर डीबग सुरू होते आणि डेटाबेसला विचारलेला प्रत्येक प्रश्नही ओळींमध्ये उतरू लागतो. पाचवर याहून अधिक तपशील मिळतो आणि वाचणाऱ्याला सुट्टी काढावी लागते.

दुखणे सापडेना, की तीनवरून चारवर जाण्याचा मोह होतो. तो रास्तही आहे, फक्त त्याला दोन पथ्ये आहेत. पहिले, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करू नये. बंद करताच बिघाडाची परिस्थिती नाहीशी होते, सगळे आपोआप बरे वाटू लागते आणि तोच बिघाड पुढच्या शनिवारी रात्री परत येतो. चालू सर्व्हरलाच लॉगची पातळी वाढवण्याचा हुकूम देण्याची सोय झॅबिक्समध्ये आहे. दुसरे पथ्य असे, की पातळी सरसकट वाढवू नये. झॅबिक्स कामे वाटून घेते: पोलर चौकश्या करतात, ट्रॅपर आलेली माहिती स्वीकारतात, हाउसकीपर जुनी माहिती झाडून काढतो. चौकश्या रेंगाळत असतील तर फक्त पोलरांना बोलते करता येते. सगळ्यांना एकदम बोलते केले, की ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही तोच सर्वांत जास्त बोलतो. हा अनुभव सभांमधूनही येतो.

दुसरा नियम वेळेचा. झॅबिक्सच्या ओळीच्या आरंभी प्रक्रियेचा क्रमांक, तारीख आणि मिलिसेकंदापर्यंत वेळ असते. वेळ कोणत्या देशाची, हे मात्र लिहिलेले नसते. जुन्या सिसलॉगची तऱ्हा याहून पुढची होती. त्याच्या नोंदीत महिना, दिवस आणि वेळ असे, वर्ष नसे. म्हणजे गेल्या दिवाळीतला बिघाड आणि यंदाचा बिघाड यांत फरक ओळखणे वाचणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर सोपवले होते. २००९ च्या नव्या प्रमाणाने वर्ष आणि वेळेचा पट्टा या दोहोंची सोय केली. तरी जुनी रीत पुष्कळ ठिकाणी अजून नांदते.

भारतात बसून परदेशातले सर्व्हर राखणाऱ्यांना या वेळेचा विशेष जाच होतो. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेने चालतो, ग्राहक स्वतःच्या घड्याळाने तक्रार करतो आणि तक्रार सोडवणारा भारतीय वेळेने जागा असतो. लॉगमध्ये २ वाजून १० मिनिटांची नोंद असेल, तर इथे तेव्हा सकाळचे ७ वाजून ४० मिनिटे झालेली असतात. पाच तास मिळवण्याचे सर्वांना आठवते. वरचा अर्धा तास विसरतो आणि तपास तीस मिनिटांनी चुकलेल्या, संपूर्ण निरपराध ओळींवर केंद्रित होतो. म्हणून सर्व मशीनांची घड्याळे एका वेळसर्व्हरशी जुळवून ठेवावीत आणि लॉग एकाच प्रमाणवेळेत लिहावेत. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळे जुळवण्याची सक्तीच केली आहे. म्हणजे किती वाजले हा प्रश्न आता कायद्याच्या कक्षेत आला आहे.

तिसरा नियम छाटणीचा. लॉग आपणहून थांबत नाही. वाढू दिला तर डिस्क भरेपर्यंत वाढतो. त्यावर झॅबिक्सचा स्वतःचा उपाय असा, की फाइल ठरावीक आकाराची झाली की तिला ‘ओल्ड’ असे शेपूट लावून बाजूला ठेवायचे आणि नवी सुरू करायची. बाजूला आधीची ओल्ड असेल तर ती पुसली जाते. हा आकार मुळात एक मेगाबाइट असतो. तीनच्या पातळीवर तेवढा पुरतो. चारच्या पातळीवर, गजबजलेल्या सर्व्हरवर, एक मेगाबाइट भरायला फार वेळ लागत नाही. मग जुनी ओल्ड जाते, नवी ओल्ड येते, आणि वाचक चष्मा शोधून येईपर्यंत ज्या ओळीसाठी एवढा खटाटोप केला ती दोनदा पुसली गेलेली असते. यावर संतापून काही जण आकाराची मर्यादा शून्य करतात. झॅबिक्सच्या भाषेत शून्य म्हणजे छाटणी बंद. यानंतर पुरावा एकही हरवत नाही; डिस्क तेवढी हरवते.

मधला मार्ग म्हणून लिनक्सवर लॉगरोटेट नावाचा प्रोग्रॅम असतो. फाइल रोज बदलायची की आठवड्याने, जुन्या किती ठेवायच्या, त्या दाबून लहान करायच्या का, हे त्याला एकदा लिहून दिले की तो ते निमूटपणे करतो. मजकुराच्या फाइली दाबल्यावर चांगल्याच लहान होतात, कारण लॉगमध्ये तेच ते पुन्हा पुन्हा लिहिलेले असते. कालची फाइल लगेच न दाबता एक फेरी तशीच ठेवण्याची सोयही त्यात आहे. ती जरूर वापरावी, कारण वाचायची असते ती नेमकी कालचीच.

इथे एक जुना सापळा आहे. घाईत कोणीतरी वीस गिगाबाइटची लॉगफाइल सरळ पुसतो. फाइल दिसेनाशी होते, पण डिस्क भरलेली ती भरलेलीच. फाइली मोजणारा डीयू म्हणतो जागा आहे, डिस्क मोजणारा डीएफ म्हणतो नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात. लिनक्समध्ये फाइल पुसली तरी एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडून धरलेली असेपर्यंत तिची जागा सुटत नाही. प्रोग्रॅम त्या अदृश्य फाइलीत पूर्वीच्याच निष्ठेने लिहीत राहतो. कोणी काय उघडून धरले आहे, हे एलएसओएफ सांगतो. उपाय दोन: फाइल पुसण्याऐवजी जागच्या जागी रिकामी करावी, किंवा प्रोग्रॅमला फाइल नव्याने उघडण्याचा इशारा द्यावा. पुष्कळ प्रोग्रॅम त्यासाठी ‘हप’ नावाचा संकेत मानतात. हा संकेत मुळात टेलिफोनची लाइन तुटल्याचे कळवण्यासाठी होता. लाइनी गेल्या, संकेत राहिला.

चौथा नियम जागेचा. लॉग आणि डेटाबेस एकाच विभाजनावर ठेवू नयेत. ठेवले, की विसरलेल्या डीबगचा लॉग डेटाबेसची जागा खातो, डेटाबेस थांबतो, झॅबिक्सला माहिती साठवता येत नाही आणि त्याबद्दलची तक्रार ते लॉगमध्येच लिहायला जाते. कुंपणानेच शेत खाल्ल्याचे हे शुद्ध उदाहरण. डिस्क भरल्यावर मायएसक्यूएल हा डेटाबेस दर मिनिटाला जागा झाली का ते पाहतो आणि दर दहा मिनिटांनी ‘डिस्क भरली आहे’ अशी नोंद लॉगमध्ये करू पाहतो. ती नोंद कोणत्या डिस्कवर करायची, हा प्रश्न आधीच सोडवलेला बरा.

पाचवा नियम वाचनाचा. सगळा लॉग वरपासून खाली वाचणे हा वाचनाचा प्रकार नव्हे; ती शिक्षा आहे. आधी घटनेची वेळ ठरवावी, मग ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने त्या वेळेच्या आसपासच्या ओळी काढाव्यात. घाबरलेला वाचक टेल चालवून शेवटच्या ओळींकडे टक लावून पाहतो. पण शेवटच्या ओळी बहुधा परिणाम सांगतात. कारण पहिल्या विचित्र ओळीत असते आणि ती हजार ओळी वर, शांत सुरात लिहिलेली असते. चौकश्या खोळंबल्याच्या शेकडो तक्रारींच्या आधी ‘संथ क्वेरी’, म्हणजे डेटाबेसने उत्तराला उशीर केला, अशी एकुलती नोंद दिसली, तर नेटवर्कवाल्यांना झोपू द्यावे आणि डेटाबेसवाल्यांना उठवावे.

सतत येणाऱ्या ओळींचा बंदोबस्त आधीच करावा. एखाद्या मशीनच्या एजंटमध्ये, म्हणजे तिथून झॅबिक्सला माहिती पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नाव मोठ्या अक्षराने लिहिले आणि सर्व्हरवर छोट्या, तर झॅबिक्सला ती दोन वेगळी मशीने वाटतात. एजंट आपली कामे मागतो, सर्व्हर ‘असे कोणी नाही’ म्हणून लिहून ठेवतो. पूर्वीच्या आवृत्त्यांत हा संवाद मुळात दर दोन मिनिटांनी होई, म्हणजे दिवसाला ७२० वेळा. अशी चाळीस मशीने असली तर रोज २८,८०० ओळी. सोसायटीचा वॉचमन ‘कुत्रा भुंकला’ अशी दर दोन मिनिटांनी नोंद करू लागला, तर चोर आल्याची नोंद रजिस्टरात असूनही नसल्यासारखी होते. लॉग स्वच्छ ठेवण्याचा सर्वोत्तम उपाय म्हणजे त्या कुत्र्याकडे एकदा पाहून येणे.

सहावा नियम गुपितांचा. लॉगमध्ये काय जाते याकडे लक्ष नसले, की नको ते जाते. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, कारण एका दोषामुळे पासवर्ड सांकेतिक रूपात बदलण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. डीबगच्या पातळीवर हा धोका वाढतो. म्हणून मदत मागण्यासाठी लॉग बाहेर पाठवताना तो आधी स्वतः वाचावा. डिसेंबर २०२१ मध्ये तर लॉग लिहिणाराच गोत्यात आला. जावा प्रोग्रॅमांत सर्रास वापरला जाणारा लॉगफोरजे हा भाग लिहायला दिलेल्या मजकुरात विशिष्ट खूण दिसली, की ती नुसती लिहून न घेता तिच्यातली आज्ञाही पाळत असे. परक्याने पाठवलेला संदेश केवळ नोंदवल्याने सर्व्हर त्याच्या ताब्यात जाऊ शके. या दोषाला गांभीर्याचे दहापैकी दहा गुण मिळाले.

सातवा नियम किती दिवस ठेवावे याचा. तांत्रिक गरज पाहिली तर काही आठवडे पुरतात. परंतु वर उल्लेखलेल्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. ते मूळ सर्व्हरवरच ठेवले तर सर्व्हरबरोबर तेही जातात. म्हणून ते दुसऱ्या मशीनकडे पाठवत राहावे.

आता त्या दुसऱ्या मशीनवर आणि खुद्द झॅबिक्सवर नजर कोणी ठेवायची, हा प्रश्न उरतो. झॅबिक्स लॉगफाइलही वाचू शकते, तेव्हा त्यालाच स्वतःचा लॉग वाचायला लावावा असे वाटणे स्वाभाविक आहे. हे डीबगच्या पातळीवर करू नये. एजंट लॉगची नवी ओळ वाचतो, ती पाठवतो, पाठवल्याची नोंद लॉगमध्ये करतो, ती नवी ओळ म्हणून वाचतो आणि पाठवतो. या उद्योगाला अंत नाही. पहारेकऱ्यावरचा पहारेकरी नेहमी वेगळ्या मशीनवरचा, अगदी साधा आणि शक्यतो कमी बोलणारा असावा. तो दर काही मिनिटांनी ‘जिवंत आहेस का’ एवढेच विचारतो आणि उत्तर आले नाही तर माणसाला उठवतो.

दुखणे सापडल्यावर एक काम राहते: लॉगची पातळी पुन्हा तीनवर आणणे. वाढवण्याचा हुकूम देता येतो तसा उतरवण्याचाही देता येतो, आणि तो उठवलेल्या माणसानेच झोपायला जाण्याआधी द्यायचा असतो. सकाळी देऊ म्हटले, तर सकाळी डिस्क भरल्याचा इशारा येतो.