आईच्या गुडघ्यांसाठी

कोल्हापुरात कुणीही स्वतःला आराम मिळावा म्हणून गाडी घेत नाही. शेजारच्यांनी घेतली ती मुलीच्या क्लाससाठी. कॉलेजातल्या माझ्या सहकाऱ्यांनी घेतली ती ‘पैपाहुणे येतात’ म्हणून. पलीकडच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांनी सत्तरी उलटल्यावर बिनक्लचची गाडी घेतली ती नातवाला शिकायला सोपी पडावी म्हणून. नातू सध्या चौथीत आहे. आम्ही घेणार होतो ती आईच्या गुडघ्यांसाठी. हे कारण एवढं भक्कम होतं की माझी कंबर, बायकोची मान आणि चिरंजीवांचा मित्रमंडळीतला मान हे सगळं त्याच्याआड बिनबोभाट लपून गेलं.

गाडी घ्यायची म्हणजे जीप काढायची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली तेव्हाच तिचा दुसरा की तिसरा जन्म चालू होता. लष्कराच्या लिलावातून सुटलेली, असं विकणारा म्हणाला होता. जुनी जीप विकणारा प्रत्येकजण असंच म्हणतो. पुढे तिच्यात इतके फेरफार झाले की आज तिच्या एखाद्या खोडीबद्दल कुठल्याही कंपनीला बोल लावणं अधर्म ठरेल. इंजिन एका घराण्याचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, हॉर्न ट्रकचा. दरवाजे शिवाजी उद्यमनगरात पत्रा ठोकून करून घेतले होते. ज्या उद्यमनगरानं शेतकऱ्यांना ऑइल इंजिनं करून दिली, त्याला जीपचं दार म्हणजे किस झाड की पत्ती. बसवल्यावर कळलं की दारं लागतात झकास, पण मग उघडत नाहीत. ती आता शेतावर कोंबड्यांच्या खुराड्याला आहेत. जीप तेव्हापासून बिनदाराची.

खरं सांगायचं तर जीप हे वाहन माणसानं बसावं म्हणून कुणी बनवलेलंच नव्हतं. 1940 साली अमेरिकेच्या लष्करानं 135 कंपन्यांना कळवलं की आम्हाला एक हलकी गाडी हवी: चारही चाकांना ताकद असलेली, पुढची काच आडवी पाडता येणारी, तिघं सैनिक आणि एक मशीनगन वाहणारी. पहिला नमुना 49 दिवसांत आणून दाखवा. 135 पैकी बँटम आणि विलीज या दोघांनीच दाद दिली आणि मुदतीत नमुना उभा केला तो बँटमनं. आपल्याकडे 49 दिवसांत गॅसचं कनेक्शन एका नावावरून दुसऱ्या नावावर होत नाही. आता एवढ्या घाईत ‘साहेब, सैनिकाच्या माकडहाडाचं काय?’ हे विचारायला कुणाला सवड असणार? त्याच्या समोर रणगाडे होते. माझ्या समोर गगनबावडा रोड होता, पण माकडहाडाला हा फरक समजत नाही.

महायुद्धात विलीज आणि फोर्डनं मिळून सहा लाखांच्या वर जीपा काढल्या. आपल्याकडे 1945 मध्ये महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी निघाली, आणि थोड्याच वर्षांत तिनं मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केली. यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. ते फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. 1948 मध्ये कंपनीच्या नावात दोन्हीकडे महिंद्र आले. भागीदार सरहद्दीपलीकडे गेला, जीप आपल्या वाट्याला राहिली. देशाच्या वाटणीत खुर्च्या-टेबलांपर्यंत मोजदाद झाली म्हणतात. जीपचे दणके मात्र सबंध आपल्याकडेच आले.

या दणक्यांमागे एक शास्त्र आहे, आणि ते आबांना पक्कं ठाऊक होतं. जीपच्या खाली असतात पाटे. पोलादाच्या पट्ट्यांची चळत, मधे फुगीर, दोन्ही टोकांना बांधलेली. हे पाटे वाकवतानाच ओझ्याचा हिशोब धरलेला असतो. गाडी भरलेली असली की ते गुमान वाकतात. रिकामी असली की वाकणं त्यांना कमीपणाचं वाटतं, मग खड्ड्यानं जे दिलं ते जसंच्या तसं वर पोचवतात. म्हणून आबा कधीही रिकामी जीप काढत नसत. मागं खताची दोन पोती पडलेली असायची, मग जायचं शेतावर असो की लग्नाला. आमच्या घरच्या अहेराच्या साड्यांना युरियाचा वास का येतो, याचा उलगडा बऱ्याच नातेवाइकांना या लेखातूनच होईल. खत नसलं तर आमची थोरली आत्या. अंगानं चांगली भरलेली. प्रत्येक प्रवासाला तिला आग्रहाचं बोलावणं जायचं. भावाची किती माया, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली, आणि आम्ही कुणी तिचा गैरसमज दूर केला नाही.

मागचे दोन बाक समोरासमोर. त्यावर बसलं की गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांत अडकतात आणि हात वरच्या दांडीला. रुसायची सोय नाही, कारण तोंड फिरवलं तर हुडाचा लोखंडी बांबू कानशिलाला लागतो. झोपायची तर नाहीच नाही. बोलायचं ते ओरडून. आमच्या घरात आजही चहा मागितला तरी शेजारचे दचकतात, त्याचं मूळ त्या बाकांवर आहे.

तर नवी गाडी. घरात समिती बसली. चिरंजीवांनी पहिल्याच बैठकीत थारचं नाव काढलं. 2020 च्या 2 ऑक्टोबरला नव्या रूपात आली, अमुक आहे, तमुक आहे, शिवाय 650 मिलिमीटर पाण्यातून जाते. पाण्याचा मुद्दा आमच्याकडे हलका नाही. पावसाळ्यात कोल्हापूरकराचा दिवस राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यानं उगवतो. पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. त्यात आमचं शेत गगनबावड्याच्या वाटेवर, साळवणच्या पुढं. तिथला पाऊस महाराष्ट्रातल्या सगळ्यात जोरदार पावसांत मोजला जातो. तेव्हा 650 मिलिमीटर म्हणजे नेमकं किती, हे मी टेप आणून आईच्या पायाला लावून दाखवलं. गुडघ्याच्या वर वीतभर आलं.

“एवढ्या पाण्यात जायचंच कशाला पण?” आई म्हणाली. “घरात बसावं की.”

आमच्या संपूर्ण चर्चेतला हा एकमेव शहाणपणाचा मुद्दा होता, त्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

थारच्या मागच्या सीटवर जायचं तर पुढचं सीट पाडून वाकून घुसावं लागतं, हे बायकोनं दाखवून दिलं. चिरंजीवांकडे उत्तर तयार होतं: 2024 मध्ये पाच दारांची थारही आली. बायको म्हणाली, तिच्यात चढायला शिडी लागेल. मग जिम्नी. जिप्सीची धाकटी बहीण म्हणून मला तिच्याविषयी आपुलकी. पण तिची लांबी 3985 मिलिमीटर हे वाचून मी थबकलो, कारण तीन दारांच्या थारचीही तेवढीच. हा निव्वळ योगायोग नसावा. आपल्याकडे 2006 पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीला कर कमी. त्यामुळे आपले गाडीवाले चार मीटरच्या जरा आत थांबायला शिकले, या दोघी पंधरा मिलिमीटर आत. सरकारचा धाक मोजायचा झाला तर तो बरोबर पाऊण बोट भरतो. बायकोनं जिम्नीचा निकाल एका वाक्यात लावला: “पिशव्या कुठं ठेवायच्या?” इनोव्हाचं नाव मी काढलं आणि मीच मागं घेतलं. पांढऱ्या इनोव्हातून उतरलो की गल्लीत लोक साखर कारखान्याची बिलं कधी निघणार म्हणून विचारू लागतील.

शेवटी एका शोरूममध्ये आईला घेऊन गेलो. तिथल्या पोरानं आज्जी, आज्जी करत तिला हाताला धरून पुढं बसवलं. म्हणजे बसवायचा प्रयत्न केला. आई अर्ध्यात अडकली. एक पाय आत, एक बाहेर, आणि धरायला काहीच नाही. जीपमध्ये ती चढते कशी, हे त्या क्षणी पहिल्यांदा आमच्या डोक्यात आलं. डावा हात काचेच्या चौकटीला, पाय पायरीवर, ‘या आई अंबाबाई’ म्हणून एक हेलकावा, की आत. दार नाही, छत डोक्यापाशी अडवत नाही, चौकट लोखंडाची. तिच्या गुडघ्यांना सोयीची गाडी आमच्या अंगणात गेली कित्येक वर्षं उभी होती.

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे. सगळा डोलारा कोसळायच्या बेतात होता.

“सवय होते हो आई,” बायको घाईघाईनं म्हणाली, आणि त्या पोराला म्हणाली, “एक स्टूल आणा.”

स्टुलावरून आई बसली. पोरानं एसी लावला, मग सीटमधून गार हवा सोडणारं बटण दाबलं आणि कौतुकानं वाट पाहू लागला. आई एकदम सावरून बसली. “अगं, खालनं वारं कुठनं येतंय? पत्रा फाटला काय रं?”

मग छत उघडून दाखवण्यात आलं. त्याचे पैसे वेगळे. छत उघडं राहू नये म्हणून ताडपत्री, दोरी, शिवणकाम यांवर माझ्या बापानं आयुष्य खर्ची घातलं, आणि इथं ते उघडण्याचे पैसे घेत होते. मी हे बोलून दाखवणार होतो, पण तेवढ्यात चिरंजीवांचं अर्धं शरीर त्या भोकातून बाहेर गेलं होतं आणि ते स्वतःचा फोटो काढत होते. मी म्हटलं, आज्जीच्या गुडघ्यांना याचा काय उपयोग? “ऊन, बाबा. ड जीवनसत्त्व,” वरून आवाज आला.

घेतली ती गाडी दिसायला दांडगी. खांदे रुंद, चाकांभोवती काळं चिलखत, नाक वर. पण ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. अंगानं पैलवान, पण लाल मातीत पाय ठेवायचा नाही अशातली गत. तिचं नाव सांगत नाही, कारण या वर्णनात सध्या बाजारातल्या निम्म्या गाड्या बसतात. मी तिच्यात बसलो, दार लावलं, आणि बाहेरचं जग बंद झालं. पाठीमागं काहीतरी मऊ, कमरेशी एक फुगवटा, तो बटणानं पुढेमागे होतो. मी तो बराच वेळ पुढेमागे करत बसलो. “आईला कसं वाटेल ते बघतोय,” मी म्हणालो.

गाडीला सवय व्हायला मात्र वेळ लागला. म्हणजे तिला आमच्या रस्त्यांची. गळीत हंगामात समोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला जोडून येतात, मागे लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. अशी एक ट्रॉली दिसली की आमची गाडी किंचाळते, पडद्यावर तांबडी होते आणि स्वतःच ब्रेक लावू पाहते. दिवाळीपासून पार शिमग्यापर्यंत ती अशीच घाबरून असते. जीप कधी कशाला घाबरली नाही. तिला ब्रेक लावायचा तरी आधी कळवावं लागायचं.

जीपचं काय करायचं हा प्रश्न उरला. खासगी गाडीला 15 वर्षं झाली की दर 5 वर्षांनी पुन्हा पासिंग, वर पर्यावरण कर. तोही भरत आलो होतो, पण आता दोन-दोन गाड्या कुठं पोसायच्या? आमच्या मिस्त्रींना विचारलं. ते आबांपासूनचे. आधी नवी गाडी बघायला आले. बॉनेट उघडलं, आत काळ्या प्लास्टिकचं भलंमोठं झाकण, ते दोन मिनिटं न्याहाळलं, आणि बॉनेट हलकेच खाली सोडलं.

“सर, ह्यात हात घालण्यासारखं कायबी ठेवल्यालं न्हाई,” म्हणाले. “ही गाडी न्हवं, मोबाइल हाय.”

जीपला गिऱ्हाईक मात्र त्यांनीच आणलं. हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करणारा एक तरुण. तो आमच्या नव्या गाडीहून दुप्पट मऊ गाडीतून आला. बायकोही बरोबर होती, पण ती एसी सोडून उतरली नाही. पोरगा जीपभोवती प्रदक्षिणा घालू लागला.

“हूड गळतं का?”

“गळतं,” मी प्रामाणिकपणे सांगितलं.

“वा. दणके?”

“भरपूर.”

“म्हणजे ओरिजिनल पाटे आहेत!” त्याचे डोळे चमकले. “मला ना सर, असंच हवं होतं. रॉ. ऑफिसात दिवसभर त्या खुर्चीत बसून माणूस मऊ पडतो.”

मी किंमत मनातल्या मनात दहा हजारांनी वाढवली, आणि त्यानं ती घासाघीस न करता दिली. दारं नाहीत याचा त्याला विशेष आनंद झाला. खुराड्याची हकिगत सांगितल्यावर तर तो ती दारंही मागू लागला, पण कोंबड्यांचा प्रश्न होता. मागं पडलेली खताची दोन पोती मी उतरवायला निघालो, तर मिस्त्रींनी डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या. पुण्यापर्यंत जायचंय पोराला.

जीप पहिल्या किल्लीला सुरू झाली नाही. मिस्त्री, मी, चिरंजीव असे मागं लागलो आणि ढकलली. धूर निघाला, ट्रकचा हॉर्न वाजला, पोरगा खिदळला. मिस्त्री पुढं गेले, खिशातनं आपलं कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं.

“आठवड्याभरात फोन करशीला,” ते म्हणाले. “मी पुण्याला यीन. पर न्यायला तुमची ती एसीची गाडी पाठवा. जीपमधनं यायला माझी कंबर ऱ्हायली न्हाई.”