आधी टायर उतरवा

पंक्चरवाल्याकडे गाडी उभी केली की आपण विचारतो, "किती वेळ लागेल?" प्रश्न चुकीचा आहे. विचारायचं ते हे: "भोक कुठे आहे, आणि टायर आतून कसा आहे?"

ट्यूबलेस टायर आल्यापासून पंक्चर म्हणजे पाच मिनिटांचं काम झालं. चाक गाडीलाच ठेवायचं, पकडीने खिळा ओढायचा, टोच्याने भोक मोठं करायचं, सोल्यूशन लावलेली रबरी पट्टी आत खुपसायची, बाहेरचं शेपूट कापायचं, थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचं. आडरस्त्याला, रात्री, लहान मूल सोबत असताना ही पट्टी उपकारच करते. तिने घरापर्यंत आणावं, एवढंच तिचं काम. आपण मात्र तिच्या भरवशावर टायर गोटा होईपर्यंत गाडी पळवतो.

पट्टी मारणाऱ्याला टायर फक्त बाहेरून दिसतो. हवा गेलेल्या चाकावर गाडी थोडं अंतर जरी रेटली, तरी टायरची बाजू रिम आणि रस्ता यांच्यात चेपत जाते. आतले धागे तुटतात, रबर घासून काळी भुकटी साचते. हवा भरली की तोच टायर पुन्हा गरगरीत, नव्यासारखा. ही भुकटी बघायला टायर रिमवरून उतरवावाच लागतो. ती दिसली तर दुरुस्तीचा विषय संपला, टायर बदलायचा.

आतून सगळं ठीक असेल तर मशरूम पॅच लावून घ्या. भोक साफ करून, आतला भाग घासून, त्याचा देठ आतून बाहेर ओढतात; त्यामुळे भोकही भरतं आणि आतलं अस्तरही बंद होतं. मग चाकाचं बॅलन्सिंग. वेळ जास्त, पैसे जास्त. कारागिराला हे सगळं येतं. गिऱ्हाईक घाई करतं, दहा रुपयांवरून हुज्जत घालतं, म्हणून तो पट्टी मारतो. त्याला दोष देण्याआधी आपण त्याला किती वेळ दिला, ते आठवा.

एका बाबतीत मात्र त्याचंही ऐकू नका. टायरच्या बाजूला भोक पडलं तर दुरुस्ती नाही, म्हणजे नाही. रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याखाली पोलादी तारांचे थर असतात. बाजूला ते नसतात आणि ती प्रत्येक फेऱ्यात वाकते. तिथला पॅच टिकत नाही. मधल्या पट्ट्यावरचं भोकही साधारण 6 मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तर नवा टायर घ्या. "चालेल, साहेब" हे ऐकायला गोड वाटतं, पण समृद्धी महामार्गावर ताशी 120 च्या वेगात त्याची किंमत मोजावी लागते. तिथे झिजलेल्या टायरच्या गाड्या आरटीओने प्रवेशालाच परत पाठवल्या, ते योग्यच केलं. पण नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी आहे, हे नाक्यावर कळतं. बाजूच्या आत तुटलेला धागा कुठल्याच नाक्यावर दिसत नाही.

नवा टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. 2319 असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात पडून पडून रबर म्हातारं होतं. नव्याच्या भावात जुनं घेऊ नका.

आणि स्टेपनी. 1 ऑक्टोबर 2020 पासून नियम असा, की ट्यूबलेस टायरच्या गाडीत दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर जादा चाक दिलं नाही तरी चालतं. किटमधला चिकट द्रव मधल्या पट्ट्यावरचं बारीक भोक बुजवतो. बाजू चिरली तर तो नुसताच वाहून जातो. जालना आणि मेहकरच्या मधे मध्यरात्री बाजू चिरली, की त्या बाटलीचा काय उपयोग? जिथे चाक देतात, तिथेही अनेकदा मूळ चाकापेक्षा बारकं देतात, ताशी 80 च्या वर न नेण्याच्या सूचनेसकट. लोक तेच चाक महिनोन् महिने पळवतात.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी डिकीतला गालिचा उचलायला लावा. खाली पूर्ण मापाचं चाक नसेल, तर त्यावरून विक्रेत्याशी भांडा. सनरूफचं नंतर बघू.