पाणी येईना, म्हणून आम्हीच गेलो

वैजापूरकडच्या घरात पोरगं नळाखाली हात धरून उगाच बसलं, की आतून हाक येतेच. पाणी ही आमच्याकडे खेळायची वस्तू नाही, ते मोजायचं असतं. हंड्यांत, ड्रमांत, टँकरच्या खेपांत, कालव्याच्या आवर्तनात, आणि पावसाळ्यात नाशिककडून गोदावरीत सुटलेल्या क्युसेकमध्ये. जायकवाडी किती टक्के भरलं, हे इथं दहावीच्या निकालासारखं विचारतात. ऑक्टोबरच्या मध्यावर तो आकडा ६५च्या खाली राहिला, की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा एकमेकांना २००५चा कायदा वाचून दाखवतात. शेवटी पाणी सुटलंच, तर बंधाऱ्यांच्या फळ्या निघतात, काठावरच्या मोटारींची वीज तोडली जाते आणि ते पाणी वांजरगाव, सावखेडगंगाच्या डोळ्यांदेखत पैठणकडे निघून जातं. आम्ही काठावरून नमस्कार करतो. हा आमचा पारंपरिक जलक्रीडाप्रकार. यात कुणी भिजत नाही.

पोहायला मात्र येतं, बरं का. विहिरीनं शिकवलेलं. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि चुलत्यानं मागून ढकलायचं, एवढाच अभ्यासक्रम. अलीकडच्या पोरांना नांदूर मधमेश्वरचा जलद कालवा मिळाला. ज्या बंधाऱ्यावर परदेशी पक्षी उतरतात, ज्याला २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला, तिथलंच हे पाणी. पक्ष्यांना निवांत तरंगायला मिळतं. आमची पोरं पुलावरून मुटके मारतात आणि पाटकरी काठी घेऊन मागे धावतो. पाटकऱ्याचं बरोबर आहे. कालव्याला ओढ फार असते आणि अस्तर केलेल्या उतारावर वर यायला हाताला काही लागत नाही.

तर असा हा तालुका गेली काही वर्षं सुट्टी लागली की समुद्रावर निघतो. पूर्वी देवदर्शनाला जोडून एखादा समुद्र उरकला जाई. आता समृद्धी महामार्ग आमच्या जांबरगावजवळून जातो. जून २०२५मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. सकाळी भाकरी बांधून निघालेली मंडळी दुपारी अलिबाग-काशीदच्या वाळूत ती सोडून बसतात. दर निवडणुकीत आम्हाला सांगितलं जातं, की कोकणात समुद्राला जाणारं पाणी सह्याद्री ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात आणू. आणतीलही. पण ते यायच्या आत रस्ता झाला, म्हणून आम्हीच तिकडे जाऊन भिजून आलो.

खरी हौस मात्र मालवणची. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाच आहे. देवबागला एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. आमचे तात्या त्या पट्टीवर उभे राहिले आणि त्यांनी होडीवाल्याला पहिला प्रश्न विचारला, तो राइडच्या दराचा नव्हता.

"ही नदी गोडी ना? मग हिला अशीच सोडून देता?"

होडीवाल्यानं मान हलवली. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे पाचशेच्या आसपास. नदी समुद्राला मिळणं हा त्याच्या दृष्टीनं निसर्ग, तात्यांच्या दृष्टीनं नासाडी. "एवढं पाणी, अन् एक चारी काढली नाही कुणी," असं ते बराच वेळ म्हणत होते. मग त्यांनी समुद्रात बोट बुडवून जिभेला लावलं आणि कपाशीसाठी तो कायमचा बाद केला.

दुसरा तंटा जॅकेटचा. तात्या साठ फूट विहिरीत सूर मारणारे. नारिंगी जॅकेट हा त्यांना अपमान वाटला.

"आबा, विहिरीक लाटा नसतत," होडीवाला म्हणाला. आवाज न चढवता, पण इंजिनाला हात न लावता.

याला उत्तर नव्हतं. विहिरीला चारी बाजूंनी भिंत असते. दमलं की कपार धरता येते. समुद्रात ओहोटीची ओढ लागली की पट्टीचा पोहणाराही आत जातो, आणि वरून पाणी शहाण्यासारखं शांत दिसत असतं. १ फेब्रुवारी २०१६ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. दिवसही लख्ख होता. आतल्या मुलखातून येणाऱ्या आम्हा लोकांना पाण्याची टंचाई ठाऊक असते, म्हणून पाणी ठाऊक आहे असं वाटतं. माझ्या मते हाच आमच्या सहलींतला सगळ्यात मोठा धोका. दारू त्याच्या खालोखाल.

तात्यांचा वाद चालू असताना काकू साडीचा काचा मारून, जॅकेट चढवून बंपरवर बसूनही आल्या. आधी बंपर, मग बनाना, दोन्ही होडीमागे ओढले जाणारे हवेचे फुगे. बनानाच्या शेवटी होडीवाला "पाडू?" असं विचारतो. बाकीचे "नको, नको" ओरडत असताना काकू "पाड" म्हणाल्या. बाहेर आल्यावर केस पिळत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पाणी मी वाहिलं. आज त्यानं मला वाहिलं. फिटलं." हंडा कमरेवर घेऊन शेजारच्या मळ्यापर्यंत गेलेली बाई हे बोलते, तेव्हा राइडचे पैसे जास्त झाले असं कुणी म्हणू नये.

स्कूबाला पोहता यायची अट नाही. मागून एक जण धरून असतो. श्वास तोंडानं घ्यायचा, कान दडपले की नाक चिमटीत धरून हवा दाबायची. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकवतात. ही शिकवणी आमच्याकडचे लोक लग्नातल्या मंगलाष्टकांइतक्याच लक्षपूर्वक ऐकतात. खाली मासे भोवती फिरताहेत, कॅमेरा रोखलेला, प्रशिक्षक खुणेनं विचारतो, 'कसं वाटतंय?' पुतण्यानं झकास अंगठा वर केला. तिकडे अंगठा म्हणजे 'मला वर घ्या'. घेतलं वर. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करून दाखवायचं असतं. व्हिडिओत एक मासा, एक अंगठा आणि मग नुसतं आकाश आहे.

त्या किनाऱ्याचं एक गणित मला फार आवडलं. आम्ही जूनमध्ये आभाळाकडे बघायला लागतो, तेव्हा त्यांचा समुद्र बंद होतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, राइडच्या होड्याही पावसाळाभर वर ओढून शाकारलेल्या. पाणी वाढलं की त्यांची सुट्टी, आमचा हंगाम.

अधूनमधून कुणी म्हणतं, आपल्याही नारंगी-सारंगी धरणात बोटिंग का नको? माझा विरोध नाही. बोटी केव्हाही आणता येतील, आधी धरण भरू द्या.

तोवर जाणार असाल, तर पाऊस सरल्यावर जा. भरती-ओहोटीची वेळ किनाऱ्यावरच्या होडीवाल्याला विचारा आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका. जॅकेटचे सगळे पट्टे आवळा, तात्यांचेसुद्धा. आणि खाली गेल्यावर कितीही मजा आली, तरी अंगठा दाखवू नका.