पोटातली गोष्ट

ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला ठेवायचं कुठे, असा प्रश्न इंग्रजांना पडला आणि 1886 मध्ये त्यांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. पुढे 1924 मध्ये सावरकरांना तुरुंगाबाहेर सोडलं, तेही रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही या अटीवर; ती अट 1937 पर्यंत टिकली. इतिहासकार याचं कारण देताना समुद्राकडे आणि सह्याद्रीकडे बोट दाखवतात. आम्हाला कारण सोपं वाटतं. या गावात पाळतीवर सरकारला पैसा खर्च करावा लागत नाही. मारुती मंदिरापाशी शिंकलात तर गोखले नाक्यावर पोचेस्तोवर कुणीतरी तुम्हाला काढा सुचवतं.

अशा गावात आमच्या एका मित्राने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती कचेरीत कुणाला कळू द्यायची नाही असं ठरवलं. मित्राचं नाव सांगत नाही. कचेरीचंही नाही, पण तुमची असेल तर तुम्हाला वाचता वाचता कळेलच.

पहिल्यांदा आम्हालाही वाटलं, एवढं लपवण्यासारखं काय आहे? रक्तातली साखर औषधांना दाद देत नव्हती, रात्री झोपेत श्वास अडकत होता, डॉक्टरांनी सगळे उपाय करून झाल्यावर हा मार्ग सांगितला. दुर्बिणीतून करायची शस्त्रक्रिया. जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. भूक लागण्याचं जे रसायन त्या काढलेल्या भागात तयार होतं, तेही पुष्कळ कमी होतं. यात लाजायचं काही नाही, हे मित्रालाही पटत होतं. लाज त्याला नव्हतीच. त्याला समिती नको होती.

समिती म्हणजे कचेरी. त्याच्या पोटावर ती पहिल्या दिवसापासून नेमलेली होती. नवीन खुर्ची आली की टिकते का ते पाहायला आधी त्याला बसवायचं. वाढदिवसाचा केक कापला की एक बाई म्हणणार, ‘तुम्हाला नको ना?’ आणि दुसऱ्या म्हणणार, ‘असू दे हो, अजून एकाने काय फरक पडतोय!’ साहेबांनी तर भर बैठकीत त्याच्या अंगावरून विनोद करून प्रलंबित प्रकरणांचा विषय हसत हसत पुढे ढकललेला. यातलं कुणी दुष्ट नव्हतं. आंब्याचा मोहोर यंदा कसा आहे याच्यावर बोलावं, तितक्याच निरागसपणे सगळे त्याच्या पोटावर बोलत. आता त्याच पोटाचा बराचसा भाग काढून टाकायचा म्हणजे एवढ्या वर्षांच्या सामायिक मालमत्तेची परस्पर विल्हेवाट लावल्यासारखं होतं. सहहिस्सेदारांची संमती नको का?

मोठ्या माणसांचं बरं असतं. नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना 2011 मध्ये त्यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली. अरुण जेटलींनी 2014 मध्ये अर्थमंत्री असताना दिल्लीत करून घेतली. पेपरात छापून आलं, लोकांनी वाचलं, पक्ष चालला, अर्थसंकल्पही मांडला गेला. अमेरिकेत न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती मात्र आमच्या मित्राच्या गोत्रातले. 2013 च्या फेब्रुवारीत ते खोट्या नावाने इस्पितळात दाखल झाले आणि जठराला पट्टा बसवून घेतला. मे महिन्यापर्यंत कुणाला पत्ता नव्हता. अख्ख्या अमेरिकेची पत्रकारिता मागावर असताना तीन महिने! आमच्याकडे खोट्या नावाने दाखल झालात, तर केसपेपर लिहिणारी मुलगी तुमच्या वहिनीच्या माहेरची निघते आणि ‘अय्या, दादा तुम्ही!’ असं म्हणून खरं नाव स्वतःच घालते.

म्हणून मित्राने मुंबई गाठायची ठरवली. पण त्याआधी रजा. आजारपणाच्या रजेला डॉक्टरांचा दाखला लागतो आणि परत रुजू होताना तब्येत कामाला योग्य असल्याचा दुसरा. दाखला आस्थापना शाखेत जातो, त्याआधी आवक-जावकमध्ये त्याच्यावर शिक्का पडतो, आणि शिक्का मारायचा तर कागद वाचावा लागतो, अशी तिथे श्रद्धा आहे. एरवी नागरिकांची पत्रं न वाचता शिक्के पडतात, तो भाग वेगळा. खर्चाचं बिल मंजुरीला टाकायचं तर आणखी चार टेबलं. खासगी विमा होता. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया सरसकट वगळता येणार नाही, बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा 35 किंवा त्याहून जास्त असून सोबत गंभीर आजार असेल तर ती धरावी लागेल, असं विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेलं आहे. पण विम्याचा एजंट म्हणजे आवक-जावकवाल्याचा सख्खा साडू. मित्राने सोसायटीचं कर्ज काढलं. कर्जाचं कारण लिहिलं, घराची कौलं. गुप्ततेचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही.

कचेरीला सांगायला कारण निवडलं, पित्ताशयातले खडे. निवड हुशारीची. दुर्बिणीचीच शस्त्रक्रिया, पोटावर तशीच चार-पाच बारीक छिद्रं, थोडी रजा, पथ्य. शिवाय वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा संभव खरोखरच वाढतो, म्हणजे थापेला पुढेमागे खरं ठरायची संधीसुद्धा होती. इतकी प्रामाणिक थाप आमच्या पाहण्यात नाही.

परतीच्या प्रवासाला त्याने मांडवी एक्सप्रेस घेतली, ही एकच चूक. खाण्यापिण्यासाठी नाव कमावलेली गाडी. बटाटेवडे, कटलेट, पुन्हा वडे असा अखंड सप्ताह चाललेला, आणि हा खिडकीशी पाण्याचे मोजून घोट घेतोय. समोर ओळखीचं जोडपं. ‘उपास का?’ ‘हो.’ ‘कसला?’ वार मंगळवार होता म्हणून गणपती पावला.

पुढचे महिने कठीण गेले. वजन उतरायला लागलं आणि समितीने चौकशीचं काम हाती घेतलं. आधी साखर. मग टीबी. तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले. अशा शस्त्रक्रियेनंतर ते काही काळ गळतात आणि पुन्हा येतात, पण समितीला तेवढा धीर कुठला? तिने आवाज खाली आणून ‘मोठा आजार’ असं नोंदवलं. एकाने त्याच्या नावाने ग्रामदेवतेला परस्पर गाऱ्हाणंही घालून टाकलं. जाड होता तेव्हा त्याचा डबा उघडून बघत. आता त्याने अर्धी वाटी वरण-भात संपवला नाही तरी बघत. गणपतीत तर कहर झाला. कोकणात पाच घरी जाऊन पाचही घरी मोदक न खाणं म्हणजे यजमानांशी कोर्टकज्जा सुरू असल्याची जाहीर कबुलीच. त्याने एक मोदक दोन घरांत पुरवला. कसा, ते आम्ही विचारलं नाही.

माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली याच कचेरीत अर्ज केला तर उत्तराला तीस दिवस लागतात. उत्तर येतं, की सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. पहिलं अपील करा, दुसरं करा, तोवर तुमची पुढची पिढी शिकून मोठी होते. मित्राच्या डब्यात काय होतं ती माहिती मात्र चहाच्या सुट्टीत संकलित, प्रमाणित आणि व्हॉट्सॲपवर प्रसृत व्हायची. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. निकाल मोठा आहे. आवक-जावकमध्ये अजून वाचायला घेतलेला दिसत नाही.

शेवटी ‘मोठ्या आजारा’साठी वर्गणी गोळा व्हायला लागली, तेव्हा घाबरून त्याने दुसरी थाप मारली. ‘अहो, काही नाही, पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर चालतो. आणि कोमट पाणी, जिरं घालून.’

ही थाप भलतीच फळली. दुसऱ्या दिवशी पहाटे भाट्याला समितीचे तिघे हजर. मग मित्रालाही जावं लागलं, रोज, पावसातसुद्धा. साहेब सामील झाले. ‘किनारा आरोग्य परिवार’ असा ग्रुप निघाला. ज्या पोटावर हसून बैठका तहकूब व्हायच्या, त्याच्याच मालकाला नारळ देऊन ‘इच्छाशक्ती’ या विषयावर बोलायला उभं केलं. तो बोललाही, आणि चांगला बोलला म्हणतात. जिऱ्याच्या पाण्यावर कचेरीतल्या दोन बायका चक्कर येऊन पडल्या. ज्यांचं वजन हललं नाही, त्यांना साहेब सांगू लागले, ‘त्यांच्याकडे बघा. मनावर घ्यावं लागतं.’

मनावर सगळ्यात जास्त घेतलं कचेरीच्या ड्रायव्हरने. देह भारदस्त, गुडघे गेलेले. रोज चालायचा आणि संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळत बसायचा. एक दिवस त्याने मित्राला गाडीपाशी गाठलं. ‘भाऊ, चालून एवढं उतरत नाय. माझ्या मेव्हण्यानं मुंबईला केलंन. तोपण पाणी असंच घोट घोट पितो, नि जेवताना पाण्याला हात लावत नाय. डॉक्टर कोण ते तेवढं सांगा. मी कुणाला बोलायचा नाय.’

मित्राने नंबर दिला. एवढ्या दिवसांत एका माणसाशी खरं बोलून त्याला बरं वाटलं असावं. त्या रात्री त्याने आम्हाला फोन करून हे सगळं सांगितलं.

ड्रायव्हरने महिन्याभरात रजेचा अर्ज टाकला. कारण : पित्ताशयातील खडे. आस्थापना शाखेतून तो टिपणीसह वर गेला : ‘या कार्यालयातील कर्मचाऱ्यांमध्ये सदर विकाराचे प्रमाण वाढत असल्याचे निदर्शनास येत असल्याने, कार्यालयातील पिण्याच्या पाण्याचा नमुना तपासणीस पाठविणे उचित होईल. आदेशार्थ सादर.’ साहेबांनी त्याच दिवशी सही केली. टाकी धुवायची निविदा पुढच्या आठवड्यात निघते आहे.