आदरपूर्वक भांडण

हॅरो, लंडन

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

गाडीच्या दंडाचं काय झालं, असं तुम्ही विचारलंत. लढाई चालू आहे. लढतेय अर्थात तुमची सूनबाई.

इथे कौन्सिलने काचेवर पावती चिकटवली की १४ दिवसांत निम्म्यात सुटका होते. दंड मान्य नसेल तर आधी 'चॅलेंज' करायचं. नाव पैलवानी असलं तरी ती साधी चिठ्ठीच: अहो, पाटी फांदीमागे लपली होती. ती फेटाळली, की मालकाच्या नावाने नोटीस येते आणि २८ दिवसांत 'रिप्रेझेंटेशन' द्यावं लागतं. तेही फेटाळलं तर स्वतंत्र ट्रायब्यूनलकडे 'अपील', तेही फुकट! तुमची हयात कोर्टात गेली, तुम्हाला काय सांगायचं?

खरी गंमत बोलण्यात आहे. 'आय क्वेश्चन दॅट' म्हणजे शंका आहे, पुरावा दिलात तर ऐकेन. 'आय डिस्प्यूट दॅट' म्हणजे तुमचं चुकलंय, हे माझं ठरलंय. 'रिफ्यूट' म्हणे चूक सिद्ध केल्यावरच वापरावं; मंत्री मात्र नुसतं 'नाही' म्हणायलाही तेच वापरतात. आणि 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' ऐकू आलं, की समजावं, आता अब्रू जाणार.

परवा बिल्डिंगच्या सभेत सूनबाई 'दॅट इज राँग' म्हणाली, तर सगळे आपापल्या कपात बघू लागले. मग खजिनदार पुटपुटले, 'आय वंडर इफ दॅट्स क्वाइट राइट', आणि ठराव लगेच बारगळला. म्हणणं दोघांचं एकच होतं हो!

पार्लमेंटात तर दुसऱ्या सभासदाला खोटारडा म्हणायची सोयच नाही. १९०६ साली चर्चिलने असत्याला 'टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड' असं नऊवारी नाव नेसवलं. २०२१ मध्ये डॉन बटलर बाई पंतप्रधान खोटं बोलतात असं सरळ म्हणाल्या, शब्द मागे घेईनात, तेव्हा त्यांनाच सभागृहाबाहेर जावं लागलं.

आमच्या रिप्रेझेंटेशनला काल उत्तर आलं: 'वी हॅव नोटेड युअर कमेंट्स'. पुढचं न वाचताच सूनबाई म्हणाली, "फेटाळलं. बाबांना अपील लिहायला सांगा."

तेव्हा मसुदा पाठवा. फक्त सुरुवातीचं 'आय बेग टु स्टेट' गाळा, आणि आईला वाचायला देऊ नका. ती त्यात कौन्सिलच्या सात पिढ्या घालेल.

तिला सा. न.

तुमचा,
बंडू