आधी मान बघावी

बेस गिटार घ्यायला निघताना पहिली तयारी चेहऱ्याची. दुकानाच्या भिंतीवरचा सनबर्स्ट रंग बघून तुमचे डोळे विस्फारले की घासाघीस तिथेच संपते. म्हणून तुळशीबागेत पातेलं उलटंपालटं करताना आजीचा जो चेहरा असायचा, तो लावून आत शिरावे. सोबत एक जाणकार न्यावा. त्याला बेस येत नसला तरी चालेल, अधूनमधून "हं" म्हणता आले पाहिजे.

इतिहासाची एक पुडीही खिशात असावी. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा गडी. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला, तो मान चार स्क्रूंनी धडाला आवळून. विक्रेता "सर, ही कलाकारी आहे" म्हणू लागला की ही पुडी सोडावी.

आता बेस उचलावा आणि रंगाकडे ढुंकूनही न बघता मान बघावी. हेडस्टॉककडून, एक डोळा मिटून, सुतार फळी बघतो तशी. तारांच्या ओढीने मान पुढे झुकते, आतला ट्रस रॉड तिला मागे खेचतो. या भांडणात मान किंचित पुढे झुकलेली राहिली पाहिजे. ते तपासायचे असे: जाड ई तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबायची, मग आठव्या फ्रेटपाशी फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकले तर झाले. दोन्ही हात अडकलेले असताना कार्ड सरकवायचे कोणी? जाणकाराने. फट कमीजास्त असली तर ॲलन की फिरवून भागते. मान पिळलेली निघाली तर मात्र नमस्कार करून बाहेर पडावे.

पुढे सुती रुमाल काढावा आणि मानेच्या कडेने फिरवावा. फ्रेटच्या टोकांना धागा अडकला तर उद्या तिथे आपली कातडी अडकणार. मी ही परीक्षा जुलैत घेतली, रुमाल लोण्यावरून फिरावा तसा फिरला. फेब्रुवारीत हवा कोरडी झाली, लाकूड आकसले, फ्रेट मात्र होते तेवढेच राहिले. तर्जनीच्या बुडाशी लाल रेघा बघून घरच्यांनी दोन दिवस मांजर शोधले.

वीस फ्रेट, चार तारा, म्हणजे ऐंशी जागा. सगळ्या वाजवाव्यात. विक्रेता दोनदा चहाचे विचारेल, घ्यावा. पण आधी वायर न जोडता वाजवावे, कारण दुकानातला ॲम्प फ्रिजएवढा असतो आणि त्यातून शेवग्याची शेंगसुद्धा खानदानी वाजेल. मोकळी ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. बॉडीचे शिंग जबड्याला टेकवले की ती दातांत कळते. लोक बघतात, बघू द्यावे. जी तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास खास कान द्यावा. तिथे बाकीचे सूर रेंगाळत असताना एखादा शेवटची लोकल पकडायची असल्यासारखा निघून जातो. हा डेड स्पॉट चांगल्या महागड्या बेसमध्येही सापडतो. तो सापडल्याचा आनंद दाखवू नये, किमतीच्या वेळी काढावा.

बाराव्या फ्रेटवर तार नुसती शिवून निघणारा हार्मोनिक आणि दाबून निघणारा सूर एकच हवा. नसला तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवून जुळतो. जॅझ बेस असेल आणि एक पिकअप कमी केल्यावर "घूंऽऽ" सुरू झाले तर चिडू नये. दोन्ही सारखे उघडले की ते एकमेकांची कुरकुर गिळतात.

शेवटी पट्टा लावून उभे राहावे आणि डावा हात सोडावा. बसल्यावर सगळेच बेस सभ्य असतात. उभे राहिल्यावर काही जण हेडस्टॉकच्या वजनाने मान टाकतात. मग तासभर आपला डावा हात सूर दाबणार की मान सावरणार?

माझ्या बेसने मान टाकली नाही. सगळ्या परीक्षा पार करून तो घरी आला. आईने चष्मा लावून तारा मोजल्या.

"गिटारीला सहा असतात ना रे? मग दोन त्यांनी ठेवून घेतल्या?"

मी जाणकाराकडे बघितले.

"हं," तो म्हणाला.